टेलनेटवरून रीसेट दिल्यावर जीडीबी जुनीच ओळ का दाखवतो?

तुमच्या प्रश्नावरून जोडणी अशी दिसते: बोर्ड ओपनओसीडीला (चिप आणि डीबगर यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम) जोडलेला, जीडीबी (म्हणजे डीबगर, प्रोग्राम थांबवून तपासण्याचं साधन) पोर्ट ३३३३ वर आणि शेजारच्या विंडोत, ओपनओसीडीला थेट कमांड द्यायला, पोर्ट ४४४४ वर टेलनेट. टेलनेटमध्ये 'रीसेट हॉल्ट' दिलं, चिप खरोखर रीसेट झाली, पण जीडीबीतला प्रोग्राम काउंटर (चिप कोणत्या इन्स्ट्रक्शनवर आहे ते सांगणारं रजिस्टर) होता तिथेच. केबल बदलू नका, ओपनओसीडीही नव्याने टाकू नका. बिघडलेलं काहीच नाही.

जीडीबी चिपवर सतत डोळा ठेवून नसतो. नेहमीच्या ऑल-स्टॉप पद्धतीत तो 'चालू कर' किंवा 'एक स्टेप घे' असं पॅकेट पाठवतो आणि चिप थांबल्याचं उत्तर येईपर्यंत वाट बघतो. उत्तर आलं की रजिस्टरं (चिपमधल्या छोट्या साठवणजागा) वाचून स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतो, आणि पुन्हा विचारलंत तर तिथूनच सांगतो. मधल्या वेळात दुसऱ्याच कोणी चिप हलवली तर ते त्याच्या कानावर जायला या पद्धतीत वाटच नाही. जीडीबीच्याच प्रॉम्प्टवरून 'मॉनिटर रीसेट हॉल्ट' दिलंत तरी फरक पडत नाही. 'मॉनिटर'च्या पुढचा मजकूर तो पोस्टमनसारखा न वाचता पलीकडे पोचवतो.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रोग्राम जीडीबीतून चालू असताना टेलनेटवरून 'हॉल्ट' दिलं तर जीडीबीला बरोबर कळतं, कारण तो त्याच उत्तरासाठी ताटकळत असतो. पण थांबलेली चिप टेलनेटवरून 'रिझ्युम' केलीत की तो अंधारात. शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये जीडीबी प्रत्येक थांब्यावर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या खुणा) चिपमधून काढून घेतो आणि 'कंटिन्यू' दिल्यावरच परत बसवतो. म्हणजे तुम्ही परस्पर 'रिझ्युम' केलंत तेव्हा चिपमध्ये एकही ब्रेकपॉइंट नव्हता. 'ब्रेकपॉइंट लागतच नाही' या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं.

उपाय सोपा आहे. चिप थांबलेली असताना जीडीबीत 'मॉनिटर जीडीबी_सिंक' द्या आणि लगेच 'स्टेपआय'. ही स्टेप खरी घेतली जात नाही. ओपनओसीडी ती गिळतो आणि फक्त सध्याची स्थिती जीडीबीला देतो. मधली सिंकची ओळ विसरलात तर मात्र एक इन्स्ट्रक्शन खरंच चालेल. दुसरा मार्ग 'मेंटेनन्स फ्लश रजिस्टर-कॅश', जीडीबी ११ च्या आधी 'फ्लशरेग्ज'. मला पहिला जास्त आवडतो, कारण जीडीबी नेहमीसारखा थांबल्याच्या वाटेने जातो आणि ओळही आपोआप दाखवतो. रीसेट, सिंक आणि स्टेपआय या तीन ओळींची एक कमांड 'डिफाइन' वापरून जीडीबीच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

सिंक होईपर्यंत 'सेट व्हेरिएबल' टाळाच. लोकल व्हेरिएबलचा पत्ता साधारणपणे स्टॅक पॉइंटर किंवा फ्रेमच्या रजिस्टरवरून काढला जातो. ते रजिस्टर शिळं असेल तर तुमची किंमत मेमरीत भलत्याच जागी जाऊन बसेल, आणि त्याबद्दल एरर येईलच असं नाही.

म्हणून माझा तरी नियम असा की चिप चालवायची, थांबवायची, रीसेट करायची ती जीडीबीतूनच. टेलनेट फक्त बघण्यापुरतं.

आता तुम्ही विचारलेलं दुसरं, की सिंक करूनही ओळी एक-दोनने चुकतात. तिथे रजिस्टरांचा संबंध नसावा. फ्लॅशमध्ये एक बिल्ड आणि जीडीबीकडे दुसऱ्या बिल्डची ईएलएफ फाइल (कंपाइल केलेला प्रोग्राम आणि त्याच्या ओळींची माहिती), असं झालेलं असू शकतं, विशेषतः फ्लॅशिंग टेलनेटवरून केलं असेल तर. चिपमधला मजकूर फाइलशी ताडून बघणारी 'कम्पेअर-सेक्शन्स' कमांड चालवा. कोडच्या सेक्शनपुढे 'मिस-मॅच्ड' आलं तर 'फाइल' कमांडने नवी ईएलएफ उघडा आणि 'लोड' करा. डेटाचा सेक्शन थेट रॅममध्ये लोड होत असेल तर तो जुळला नाही तरी घाबरू नका, प्रोग्राम चालला की तो बदलणारच. सगळं जुळूनही ओळी उड्या मारत असतील तर कंपायलरचं ऑप्टिमायझेशन 'ओ२' वरून डीबगिंगसाठीच्या 'ओजी' वर आणून बघा.