दोन फाइली जुळत का नाहीत?

प्रश्न : मी पीएचडी करते आहे. एकाच आजाराच्या रुग्णांचे जीनोम दोन प्रयोगशाळांनी वाचले आणि दोघांनीही व्हीसीएफ फाइली, म्हणजे जीनोममध्ये सापडलेल्या बदलांच्या याद्या, पाठवल्या. त्या एकत्र केल्या तर दोन्हींत सामाईक असे बदल जवळजवळ सापडतच नाहीत. फॉरमॅट एकच आहे, मग अडतंय कुठे?

उत्तर : फॉरमॅट एक म्हणजे रकाने एक, एवढंच. रकान्यातला आकडा कशाला धरून मोजला आहे, हे वेगळं विचारावं लागतं. अशा फाइली एकत्र आणणं हेच माझं काम आहे, आणि कुणाचीही फाइल हातात आली की मी आधी विचारते : संदर्भ जीनोम, म्हणजे ज्याच्याशी ताडून बदल आणि त्यांच्या जागा ठरवल्या तो नमुना जीनोम, कुठला?

सिकल सेल आजाराला कारण ठरणारा बदल घ्या. त्याचा क्रमांक आरएस३३४, जागा अकराव्या गुणसूत्रावर. २००९ च्या जीआरसीएच३७ या संदर्भावर तो ५२,४८,२३२ व्या अक्षरावर येतो. २०१३ च्या जीआरसीएच३८ वर तोच ५२,२७,००२ व्या अक्षरावर. रुग्ण तोच, बदल तोच, आणि तुमच्या तक्त्यात मात्र दोन वेगळ्या ओळी. हा २१,२३० चा फरक सगळीकडे सारखा असता तर वजाबाकी करून भागलं असतं. पण नव्या आवृत्तीत कुठे मोकळ्या जागा भरल्या गेल्या, कुठे चुकीचे तुकडे बदलले, त्यामुळे जागेगणिक फरक बदलतो.

याच बदलाची अक्षरंही पाहा. डीएनएचे दोन धागे असतात. व्हीसीएफ नेहमी संदर्भाच्या पुढच्या धाग्यावरून लिहितात, तिथे तो ‘टी चा ए’ असतो. हा बदल ज्यात आहे ते एचबीबी जनुक उलट्या धाग्यावर आहे, म्हणून जनुकाच्या बाजूने लिहिणारा ‘ए चा टी’ लिहितो. ए आणि टी हे एकमेकांचे जोडीदार असल्यामुळे धागा उलटलाय हे नुसत्या अक्षरांवरून कळायला मार्गच नाही. प्रथिनाच्या पातळीवर जुनी पुस्तकं सहावं अमिनो आम्ल म्हणतात. एचजीव्हीएस या बदल लिहिण्याच्या नियमावलीप्रमाणे ते सातवं, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. यातलं चूक काहीच नाही. मोजणी कुठून सुरू केली ते सोबत लिहिलेलं नसतं, तिथे घोटाळा होतो.

तेव्हा आधी दोन्ही फाइलींचे मथळे उघडा. गुणसूत्रांच्या लांबी दिलेल्या असतील तर पहिल्या गुणसूत्राची पाहा : २४,९२,५०,६२१ असेल तर जीआरसीएच३७, २४,८९,५६,४२२ असेल तर जीआरसीएच३८. गुणसूत्राचं नाव एकीकडे नुसतं ‘१’ आणि दुसरीकडे आधी ‘सीएचआर’ जोडलेलं असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी गुणसूत्रं. कुणी मधेच बेड फाइल (जीनोममधल्या जागांची यादी) वापरली असेल तर तिथली मोजणी शून्यापासून असते, व्हीसीएफची एकापासून. एका घराचा हा फरक लक्षात यायला कधीकधी महिने जातात. अक्षरं गळण्याचे किंवा वाढण्याचे बदल तर आणखी फसवे. एएएए अशा ओळीतला एक ए गळला, तर नेमका कितवा? व्हीसीएफमध्ये प्रमाणित रूप डावीकडे सरकवून लिहितात, एचजीव्हीएसमध्ये जनुकाच्या शेवटच्या टोकाकडे. जोडण्याआधी दोन्ही फाइली एकाच संदर्भावर ‘नॉर्मलाइज’ करायलाच, म्हणजे सगळे बदल एकाच रूपात लिहून घ्यायलाच हवेत.

संदर्भ वेगळे निघाले तर लिफ्टओव्हर या साधनाने एका संदर्भावरच्या जागा दुसऱ्यावर बदलून घेता येतात. पण काही जागांना नव्या संदर्भात जुळणी मिळत नाही, त्या किती आणि कोणत्या याची नोंद ठेवा. मूळ फास्टक्यू फाइली, म्हणजे यंत्राने वाचलेली कच्ची अक्षरं, मिळत असतील तर मी त्या मागवून घेते आणि सगळे नमुने पहिल्यापासून एकाच पद्धतीने पुन्हा चालवते. वेळ लागतो, यंत्रं अडकतात, तरी तोच रस्ता चांगला.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. साध्या व्हीसीएफमध्ये एखादा बदल नसला, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात : ती जागा वाचली आणि ती संदर्भासारखीच निघाली, किंवा ती जागा धड वाचलीच गेली नाही. दोन फाइली जोडताना हे रिकामे चौकोन सरसकट ‘बदल नाही’ असे भरले, की खोटे निकाल तिथेच जन्माला येतात. म्हणून प्रयोगशाळांकडे जीव्हीसीएफ मागा, त्यात न बदललेल्या जागांचं वाचन किती भरवशाचं होतं तेही असतं.

आणि हेही विचारा की रुग्ण आणि निरोगी असे दोन्ही गट दोन्ही प्रयोगशाळांत होते का. सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्या यंत्रावर असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की यंत्राचा, हे कोणतंही प्रमाण किंवा संख्याशास्त्र सांगू शकणार नाही.

प्रश्न : जनुकांची यादी एक्सेलमध्ये ठेवली तर काय बिघडतं?

उत्तर : एसईपीटी२ आणि एमएआरसीएच१ ही जनुकांची नावं एक्सेल तारखा (२ सप्टेंबर, १ मार्च) समजून बदलून टाकत असे. २०१६ मध्ये झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने आपले नवे नियम जाहीर केले, आणि ती जनुकं आता एसईपीटीआयएन२ व एमएआरसीएचएफ१ झाली आहेत. जुन्या याद्या अजून फिरताहेत, म्हणून नावाशेजारी एचजीएनसीचा किंवा एन्सेम्बल या जनुकांच्या माहितीसाठ्याचा क्रमांक ठेवा. नाव बदलू शकतं, क्रमांकावरून जनुक पुन्हा शोधता येतं.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. संशोधकांना देण्यासाठी रुग्णांची लक्षणं माझ्या शब्दांत लिहून ठेवते. तेवढं पुरत नाही का?

उत्तर : तुमचे शब्द जपून ठेवा, ते मोलाचे आहेत. पण एका नोंदीत ‘फिट’, दुसरीत ‘आकडी’, तिसरीत ‘झटके’ असेल, तर हजार रुग्णांमधून ते एकत्र शोधणार कसे? ह्यूमन फीनोटाइप ऑन्टॉलॉजी या लक्षणांच्या प्रमाणित यादीत या लक्षणाला एचपी:०००१२५० हा एकच क्रमांक आहे, आणि त्याखाली फिट्सचे पोटप्रकारही आहेत. जेवढी खात्री असेल तेवढ्याच बारकाईचा क्रमांक निवडा.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. रिकामी जागा ठेवू नका. रुग्णाला फिट येत नाहीत हे तुम्ही विचारून घेतलं असेल तर तसं लिहा, विचारलं नसेल तर तेही लिहा. रुग्णाची लक्षणं नोंदवण्याच्या फीनोपॅकेट या प्रमाणित पद्धतीत ‘तपासलं, आढळलं नाही’ असं नोंदवण्याची सोय मुद्दाम ठेवली आहे. माहिती नसल्याची खूण म्हणून -९ वगैरे लिहायची पद्धत काही ठिकाणी आहे, प्लिंक हे जनुकीय विश्लेषणाचं सॉफ्टवेअर ती वापरतं. पण तोच तक्ता दुसऱ्या कुणाच्या हाती गेला की -९ ची सरासरीत बेरीज होते. तुमच्या समोर रुग्ण बसलेला असतो, तुम्ही त्याला विचारू शकता. माझ्यापर्यंत तक्ता येतो तेव्हा ती संधी गेलेली असते.