छप्पर तीन-चार ठिकाणी गळतंय, सगळी कौलं बदलावी लागतील का?

नाही, फुटलेली आणि जागेवरून सरकलेली कौलं तेवढी बदला, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. भाजलेल्या मातीचं चांगलं कौल कित्येक दशकं टिकतं. त्याच्या आधी खालच्या रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, कुजतात. गळती शोधताना एक चूक हमखास होते. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल बदललं जातं, पण पाणी वाशावरून (छपराच्या उतरत्या लाकडावरून) घरंगळत दोन-तीन हात खाली येऊन टपकतं, म्हणून शोध आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेने घ्या. भर दुपारी माळ्यावर दिवा बंद करून पाहा, फटीतून उजेडाची तिरीप दिसेल.

नवं कौल घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं, बद्द वाजलं तर कच्चं किंवा तडा गेलेलं. जुनं एक कौल नमुना म्हणून सोबत न्याच, कारण खाचा जुळल्या नाहीत तर नवं कौल शेजारच्यावर बसत नाही.

फटींत सिमेंट थापू नका. ते तडकतं, आणि पुढे एक कौल काढताना चार फुटतात. पावसाआधी पालापाचोळा आणि शेवाळ काढा, पण ब्रशने. प्रेशर वॉशरचं पाणी सांध्यांतून आत घुसतं.

मात्र वाशात चाकूचं टोक सहज शिरत असेल किंवा पाख्याला (छपराच्या उतरत्या बाजूला) झोळ आला असेल, तर आधी लाकूडकाम. आणि मुळात उतारच कमी असेल, तर कौलं कितीही बदला, गळणारच.