म्युनिकचे ६०,००० युरो आणि पुण्यातले दोन पगार

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: पुण्यात दरमहा तुमच्या हातात १,५५,००० आणि पत्नीच्या ८०,००० रुपये येतात. घराचा हप्ता ४८,००० आहे, मुलगी साडेतीन वर्षांची, आणि जर्मनीतल्या म्युनिकमधून वर्षाला ६०,००० युरोच्या नोकरीची ऑफर आलीय. ती घ्यावी का, हा प्रश्न. शंभराने गुणून ‘साठ लाख’ म्हणणं आधी थांबवा. तो आकडा तुमच्या खात्यात कधीच येणार नाही.

महिन्याचे ५,००० युरो ब्रुट्टो, म्हणजे कपातीआधीचे. त्यातून पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३ टक्के, शिवाय आरोग्य आणि शुश्रूषा विमा, वर प्राप्तिकर. २०२५च्या दरांनी करवर्ग १ (एकट्याचा) मध्ये हातात साधारण ३,१५० ते ३,२०० पडतात. कुटुंब तिथे आलं, पत्नी कमावत नसेल आणि तुम्ही करवर्ग ३ मागून घेतलात, तर ३,५५० ते ३,६००. पत्नी पुण्यात असेपर्यंत वर्ग ३ मिळत नाही, आणि ती आल्यावरही आपोआप लागतो तो दोघांना सारखा वर्ग ४. ३/५ साठी (तुम्हाला ३, तिला ५) अर्ज करावा लागतो. इथे बऱ्याच जणांचं गणित पहिल्याच महिन्यात चुकतं. मुलीचा किंडरगेल्ड (सरकारी बालभत्ता) २०२५च्या दराने २५५ युरो धरा, म्हणजे एकूण ३,८५०च्या आसपास. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मूल वेगळा हप्ता न भरता बसतात, ही मोठी जमेची बाजू. (वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती मंडळींनी तिथे पत्त्याची नोंदणी करताना धर्माच्या रकान्याकडे लक्ष द्यावं. कॅथलिक लिहिलं की बव्हेरियात प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च कर लागतो.)

आता खर्च. जाहिरातीतलं भाडं बहुधा ‘काल्ट’ असतं. हीटिंग, पाणी, कचरा धरून ‘वार्म’ होतं, आणि वीज त्याहूनही वेगळी. ६० चौरस मीटरला वार्म १,५५० धरा. वीज ७०, इंटरनेट-मोबाइल ६०, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी १८.३६, दोन डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल-बसचे मासिक पास) २०२५च्या दराने ११६, किराणा-भाजी ५५०, बालवाडी आणि तिथलं जेवण १५०, कपडे-औषधं-बाहेर खाणं ३००. झाले २,८०० च्या वर. उरतात १,००० युरो, म्हणजे लाखभर रुपये. त्यातून पुण्याचा हप्ता वजा जाता बावन्न हजार.

पुण्यात घरखर्च ७०,००० धरला तरी हप्ता भागवून तुमचे १,१७,००० उरतात. म्हणजे शिल्लक निम्म्याच्याही खाली येते, कारण एक पगार बंद होतो आणि तो ऑफर लेटरमध्ये कुठेच दिसत नाही. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलात तर थोडं सावरेल. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून असते, पण बालवाडीत जागा मिळेपर्यंत मुलीला सांभाळणार कोण? जर्मन बी१-बी२ (भाषेच्या मधल्या पातळ्या) होईपर्यंत पत्नीचं उत्पन्न शून्य धरूनच हिशोब करा. मिनीजॉब (छोटी अर्धवेळ नोकरी) मिळाला तर २०२५मध्ये त्याच्या कमाईची मर्यादा महिना ५५६ युरो होती.

सुरुवातीची रोकड वेगळी. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिप्पटपर्यंत, म्हणजे ३,७५० च्या घरात. कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, घरमालक मात्र एकरकमीच मागतात. बरेच फ्लॅट स्वयंपाकघराविना मिळतात: भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलेला, सिंक नाही, शेगडी नाही, कपाट नाही. तो संच नवा घ्यायचा तर २,००० ते ४,०००. शुफा या जर्मन क्रेडिट ब्यूरोकडे तुमचा पतइतिहास नसल्यामुळे पहिले दोन महिने फर्निचरसह मिळणाऱ्या महागड्या फ्लॅटमध्येच निघतात. सगळं मिळून ९-१० हजार युरो तयार ठेवा. पहिला पगार महिनाअखेरीस येतो.

माझं मत: ६०,००० वर म्युनिक नको. ७०,००० मागा, वर्ग ३ मध्ये हातात महिना साधारण ५०० युरो वाढतात. तेवढं देत नसतील तर त्याच कंपनीचं लाइपझिगसारख्या स्वस्त शहरात ऑफिस आहे का, विचारा. स्थलांतराची मदत एकरकमी बोनस म्हणून घेऊ नका, त्यावर कर कापला जातो. बिलांवर परतफेड अशी लेखी करून घ्या, आणि तात्पुरत्या घराचं भाडं त्यात स्पष्ट येऊ द्या.