सागवानी लाकडी जमिनीला जुन्या वाड्यासारखा रंगरूप कसा द्यावा?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या नव्या घरात वरच्या खोलीत सागवानी पट्ट्यांची जमीन बसवली आहे, ती जुन्या वाड्याच्या माडीसारखी दिसायला हवी आणि मिस्त्री साखळीने ठोकायचं म्हणतोय. ठोकू देऊ नका. खोलीभर सारखे पडलेले खड्डे लगेच नकली वाटतात. माडीची जमीन जुनी दिसते ती वेगळ्याच कारणांनी: लाकडातल्या मऊ रेषा झिजून कडक रेषा वर राहतात, पट्ट्यांच्या कडा बोथट होतात, उंबऱ्यापासून खिडकीपर्यंतची चालायची वाट भिंतीकडेच्या भागापेक्षा जास्त घासलेली असते. आपल्याकडच्या माळवदी घरांतल्या तुळयांचा काळेपणा मात्र डोळ्यासमोर ठेवू नका. तो चुलीच्या धुराचा असतो, पायाखालच्या लाकडाला तो रंग नसतो.

आधी पट्टी भरीव आहे का ते बघा. दाराच्या फटीत कड दिसते. प्लायवर सागाचा थर असेल आणि तो २ मिमीपेक्षा पातळ असेल, तर मशीन लावू नका. लॅमिनेट असेल तर वरचा थर छापील कागदाचा असतो, त्यावर यातलं काहीच चालत नाही.

जुनं पॉलिश पूर्ण काढा. ६० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ८०, आणि १०० वर थांबा. त्याहून गुळगुळीत केलं तर रंग आत शिरत नाही. मग तारेचा ब्रश फक्त रेषेच्या दिशेने ओढा. आडवा फिरवला की पडलेले ओरखडे शेवटपर्यंत दिसतात. चालायच्या वाटेवर जास्त हात फिरवा, कोपऱ्यांत कमी. पट्ट्यांच्या कडा हातरंध्याने अर्धा-एक मिमी मारून घ्या, पण एकसारख्या नकोत. नंतर व्हॅक्युम करा आणि लोहचुंबक फिरवा: तारेचे तुकडे राहिले तर पुढच्या पाण्याने तिथे काळे ठिपके उठतात. सागाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो, म्हणून एन-९५ मास्क लावा.

आता रंग. बाजारचा गडद स्टेन लाकडावर बसतो. लोखंड आणि टॅनिनचा (लाकडातल्या तुरट द्रव्याचा) रंग लाकडातच तयार होतो, म्हणून मला तोच पसंत आहे. १ लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साबणाने धुऊन तेल काढलेला बारीक स्टील वूलचा (लोखंडी तारेच्या लोकरीचा) १५–२० ग्रॅमचा बोळा एक-दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. मग फडक्यातून गाळून तेवढंच पाणी घाला. सागात टॅनिन बेताचं आणि पट्टीगणिक वेगळं असतं, त्यामुळे नुसतं हे पाणी लावलं तर एक पट्टी करडी आणि शेजारची तशीच राहते. यावर उपाय हिरडा. ५० ग्रॅम हिरडापूड लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळा, लोखंडाच्या पाण्याआधी हा काढा लावा आणि पूर्ण वाळू द्या. कापडावर काळा रंग चढवायला रंगारी हिरडा आणि लोखंड वापरत आले, तीच ही जोडी. पाणी मात्र फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर काढा भांड्यातच काळवंडतो.

लोखंडाचं पाणी लावताना दोन-तीन पट्ट्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकदम संपवा. मध्येच थांबलात तर जोडाचा काळा पट्टा उमटतो आणि तो पेपरनेच काढावा लागतो. दहा-पंधरा मिनिटांत रंग उतरतो. वाळल्यावर तो मेलेला, जांभळट-करडा दिसतो. घाबरून दुसरा हात देऊ नका, वरचा थर बसला की तो गडद होतो. म्हणूनच उरलेल्या तुकड्यावर शेवटच्या थरापर्यंत सगळं करून बघितल्याशिवाय खोलीला हात लावू नका. सगळ्या खोलीचं पाणी एकाच वेळी बनवा, दुसऱ्या घाण्याचा रंग जुळत नाही.

२४ तास वाळल्यावर साग तेलकट असल्याने थिनरच्या फडक्याने पुसा आणि तास-दोन तासांत मॅट पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) दोन पातळ हात द्या. चकाकी आली की जुनेपण गेलं. रेषांत लांबी (पुट्टी) भरू देऊ नका, केलेली सगळी मेहनत बुजते. पीयूखाली मेण नको, थर सुटतो. पीयूऐवजी जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तर लवकरच. पाण्याच्या बादलीत बुडवा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. उन्हाळ्यात पीयू ब्रशखालीच सुकतो, पावसाळ्यात लाकूड दमट असतं. उन्हाळ्यात पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसतील, त्या भरू नका. जुलैत लाकूड फुगलं की भरलेला माल बाहेर ढकलला जातो, आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली १०–१२ मिमी मोकळी जागा नसेल तर पट्ट्याच उचलतात. तुमच्या मिस्त्रीने ती सोडली आहे का, हे सगळ्यात आधी स्कर्टिंग काढून बघा.