स्वीडिश मूकपट म्हणजे नुसता बर्फ, वादळ आणि पश्चात्तापच का? एखादा हलकाफुलका सुचवाल?

एक नक्की सुचवेन: दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलरचा 'एरोटिकॉन', १९२० सालचा. नावाने दचकू नका, घरच्यांसमोर बिनधास्त लावता येतो. फक्त साल बघून घ्या. १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात याच नावाचा भलताच मूकपट निघाला होता आणि पहिल्या खेपेला मी अर्धा तास तोच बघत बसलो होतो.

तुमचा समज तसा अगदीच चुकीचा नाही. स्वीडिश मूकपटांचा दबदबा होता तो जड मालावरच, आणि स्टिलरनेही तसला माल भरपूर दिलाय. पण हा माणूस विनोदातही तरबेज होता.

इथे लिओ नावाचे एक प्राध्यापक आहेत, कीटकशास्त्राचे. झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांवर ते व्याख्यान देतात: या नराचं एका मादीवर भागत नाही. हे सगळं अत्यंत गंभीर चेहऱ्याने. पुढचं कथानक त्या व्याख्यानातच आलंय, हे आपल्याला नंतर कळतं. घरी त्यांची बायको इरीन. फरचे कोट घ्यावेत, बॅरन फेलिक्सबरोबर विमानातून फेरी मारून यावी, असा तिचा दिनक्रम. आणि तिसरा प्रेबेन, शिल्पकार, नवऱ्याचा जिवलग मित्र.

आता गंमत बघा. बायको विमानात बॅरनशेजारी बसली तर जळायला हवं नवऱ्याने. जळतो मित्र! नवरा आपल्या किड्यांत मग्न, आणि त्याचं जेवणखाण बघते ती घरात राहणारी तरुण पुतणी, मार्थ. मटण-कोबीचा रस्सा हा त्यांचा जीव की प्राण. मला तर या सिनेमातलं खरं प्रेमपत्र त्या रश्श्यातच दिसतं.

इरीनचं काम तोरा तेयेने केलंय. मूकपट म्हटलं की आपल्याला हातवारे, छाती पिटणं आठवतं. ही बाई नुसती पापणी खाली करते आणि समोरच्या पुरुषाची वाट लागते. मार्थ झालेली कारिन मोलांदर तिच्या तोडीस तोड.

शेवट सांगून टाकतो, त्याने मजा कमी होत नाही. जोड्या बदलतात. कुणी मरत नाही, कुणी रडूनही घेत नाही. स्वीडनमध्ये १९१५ च्या कायद्याने घटस्फोट बराच सोपा झाला होता आणि १९२० मध्येच नवा विवाह कायदा मंजूर होऊन विवाहित स्त्री कायद्याने सज्ञान ठरली. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला हा शेवट परग्रहावरचा वाटला नसावा. मूळ नाटक मात्र हंगेरियन आहे, फेरेंत्स हेर्त्सेगचं.

पुढे अर्न्स्ट लुबिच या जर्मन दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये अशाच नवरा-बायकोच्या लबाड्यांवर नाव कमावलं, त्याचं मूळ शोधताना सिनेमाचे अभ्यासक या चित्रपटाकडे बोट दाखवतात. मला स्वतःला लुबिच जास्त चलाख वाटतो, स्टिलर जास्त निवांत.

मध्येच ऑपेरा हाउसमधला एक बॅले येतो आणि लांबतो. तो पळवू नका. रंगमंचावर एका शहाची राणी नवऱ्याच्या मित्राला भुलवत असते, आणि प्रेक्षकांत कोण कोण बसलंय ते तुम्हाला ठाऊकच असतं.