वाचकांचे प्रश्न : परदेशी शिक्षक गावात राहायला येतात तेव्हा

ग्रामीण भागातील शाळांत परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावातील एका संस्थेच्या शाळेत जर्मनीहून एकोणीस वर्षांची मुलगी वर्षभर शिकवायला येणार आहे. तिची राहण्याची सोय आमच्या घरी करावी, असे संस्थेने विचारले आहे. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि दोन शाळकरी मुले आहोत. तिला आमचे जेवण मानवेल का, अंघोळीची सोय चालेल का, पोलिसांत काही कळवावे लागते का, अशा शंका आहेत. ती रात्री उशिरा आली तर लोक काय म्हणतील, ही सासूबाईंची काळजी आहे.
— एक वाचक भगिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, आधी कायद्याचे बघू. परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला आला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. लोक त्याला आजही ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलांना हे ठाऊक असते, घरगुती यजमानांना बहुधा नसते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला असल्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका; संस्थेच्या माणसाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात एकदा विचारून या आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा. तिचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीचा असेल, तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत तिची स्वतंत्र नोंदणीही करावी लागते. ते काम तिचे आणि संस्थेचे आहे, तरी ते झाले आहे ना, हे तुम्ही निःसंकोच विचारा. पर्यटक व्हिसावर मोबदल्याविना अल्पकालीन स्वयंसेवा करता येते, पण ती जास्तीत जास्त एक महिना. वर्षभर शाळेत काम करणाऱ्या व्यक्तीचा व्हिसा त्या कामासाठीचाच असला पाहिजे.

जर्मनीहून या वयाची मुले बहुधा ‘वेल्टवेर्ट्स’ या योजनेतून येतात. तेथील विकास मंत्रालयाने २००८ साली ती सुरू केली असून १८ ते २८ वर्षे वयाच्या तरुणांना ती परदेशी पाठवते. त्यात येण्याआधी आणि मुक्कामाच्या काळात प्रशिक्षण शिबिरे होतात. म्हणजे ही मुलगी अगदीच अनभिज्ञ येणार नाही. पण शिबिरात ऐकलेले बादली-तांब्याचे स्नान आणि डिसेंबरच्या पहाटे गरम पाण्याची वाट पाहत केलेले स्नान यांत फरक असतो, तेव्हा पहिल्याच दिवशी सारे दाखवून द्या : पाणी कोणत्या वेळी येते, पिण्याचे कोठे ठेवतो, संडासात पाणी कसे वापरतो, वीज गेली की विजेरी कोठे सापडेल. पिण्याचे पाणी तिच्यासाठी उकळून गार केलेले असावे. भाकरी, वरण-भात, उसळ, ताक यांची सवय लवकर होते; अडते ते तिखटावर. म्हणून भाजी फोडणीला टाकतानाच तिच्यापुरती बाजूला काढण्यापेक्षा काही आठवडे सगळ्यांचेच तिखट कमी करून ठेचा ताटाला लावावा, हे मला अधिक बरे वाटते, कारण मग तिचे ताट वेगळे राहत नाही.

पाहुणी आठ दिवसांची असते, ही वर्षाची आहे. तिचे ताट तिला धुऊ द्या, कपडे तिचे तिला धुऊ द्या, बाजाराच्या दिवशी पिशवी तिच्या हातात द्या. आपल्याकडे पाहुण्याला काम सांगणे वाईट दिसते हे खरे, परंतु ज्या घरात आपल्याला काहीच करू दिले जात नाही, त्या घरात माणूस वर्षभर अवघडूनच राहतो. उलट एक गोष्ट तिला न मागता द्यावी, ती म्हणजे आतून कडी लागणारी खोली. शाळेतून आल्यावर ती दार लावून तासभर एकटी बसली, तर ती रागावली आहे किंवा आजारी आहे असे समजून कोणी हाका मारू नयेत. दिवसभर परक्या भाषेत वावरणाऱ्याला ती विश्रांती लागते.

सासूबाईंची काळजी रास्त आहे. ‘आमच्याकडे असे चालत नाही’ असे मोघम न सांगता कारण सांगा : शेवटची एसटी इतक्या वाजता आहे, त्यानंतर रस्त्याला दिवे नाहीत, उशीर होणार असेल तर फोन करायचा. कारण समजले की या वयाची मुले नियम पाळतात. तुमच्या घराला संस्था दरमहा किती खर्च देणार, हेही ती येण्याआधी लेखी ठरवून घ्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. तिने मायदेशी रेबीजची लस आधी घेतलेली असली, तरी चावल्यानंतरचे डोस घ्यावेच लागतात. १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक तिच्या फोनमध्ये तुम्हीच घालून द्या.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. एका संस्थेमार्फत, रीतसर परवानगीने, स्पेनचा एक तरुण इंग्रजी शिकवायला येतो. मुले त्याच्यावर जीव टाकतात. परंतु तो तासाला असला की गाणी आणि खेळ होतात, आणि तो गेला की वाचन जिथल्या तिथेच. पालक मात्र म्हणतात, ‘गुरुजी, आता इंग्रजी त्यांनाच शिकवू द्या.’ त्याचा खरा उपयोग कसा करून घ्यावा?
— एक शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : गुरुजी, पालकांचे म्हणणे मनाला लागले असेल, आणि ते लागण्यासारखेच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षे ते तुमच्यासारख्या शिक्षकांनीच शिकवले. तरीही माझा आग्रह असा की तो तास त्याला देऊन टाकू नका. त्याच्या तासाला तुम्ही वर्गात हवेतच.

याचे कारण वर्गातच दिसते. परदेशी शिक्षकाने ‘व्हॉट इज युवर नेम?’ विचारले की सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो आणि पाहुण्यांना वाटते, मुलांना इंग्रजी येते. तेच त्याने एखाद्या मुलीला तिच्या दप्तराकडे बोट दाखवून ‘व्हेअर इज युवर पेन्सिल?’ विचारले की ती आधी त्याच्या तोंडाकडे, मग शेजारणीकडे आणि शेवटी तुमच्याकडे पाहते. ती जी तिसरी नजर आहे, तिथे तुमचे काम आहे. तिला प्रश्न कळला नाही, की उच्चार कळला नाही, की पेन्सिल घरी राहिली म्हणून ती घाबरली, हे त्या तरुणाला कळणार नाही. तुम्हाला कळते, कारण तिच्या मोठ्या भावालाही तुम्हीच शिकवलेले असते.

तेव्हा वाटणी अशी करून पाहा. ऐकणे आणि बोलणे त्याच्याकडे, वाचन आणि लेखन तुमच्याकडे, आणि दोघांचे शब्द तेच. या आठवड्यात पाठात शेत, पाऊस, बैल असतील, तर त्याचा खेळही त्याच शब्दांचा असावा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघांनी अर्धा तास बसून पुढच्या आठवड्याचे शब्द आणि वाक्ये ठरवावीत. हा अर्धा तास ठरला नाही तर बाकीचे काहीच जमत नाही, असे मी अनेक शाळांत पाहिले आहे. त्याला वेग कमी करायला स्पष्टपणे सांगा. शिवाय इंग्रजी ही त्याचीही शिकलेली भाषा असणार. तो कसा शिकला, कोठे अडला, हे त्याने मुलांना सांगावे. त्याने मुलांची भीड चेपते.

एका वर्गात चार इयत्ता बसवाव्या लागत असतील, तर मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता येण्याप्रमाणे करा. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ही पद्धत देशभर नेली आहे : अक्षर ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, परिच्छेद वाचणारे एकत्र. मराठी वाचनाचा कच्चा गट तुम्ही घ्या, कारण तो परदेशी तरुणाला घेताच येणार नाही. त्या वेळात उरलेल्या मुलांना तो इंग्रजी संवादात गुंतवून ठेवेल. तुम्हाला आज ज्याची सर्वाधिक वानवा आहे ती हीच, म्हणजे मोकळ्या हातांचा आणखी एक माणूस.

माझ्या मते त्याचे सर्वांत महत्त्वाचे विद्यार्थी तुम्ही दोघे शिक्षक आहात. मुलांची खिचडी वाढून झाल्यावर रोज थोडा वेळ त्याच्याशी इंग्रजीत बोला, चुका करा, त्याला दुरुस्त करू द्या, आणि त्या बदल्यात त्याला मराठी शिकवा. तो वर्षाने जाईल; तुमची बदली झाली तरी तुम्ही दुसऱ्या एखाद्या शाळेतच जाल आणि तुमच्या तोंडी बसलेले इंग्रजी तिथल्या मुलांना मिळेल. पालकसभेत त्याला एकट्याला बोलायला उभे करू नका. दोघांनी मिळून एक छोटा पाठ घेऊन दाखवा, म्हणजे तुम्हाला काय म्हणायचे आहे ते पालकांना आपोआप कळेल.

प्रश्न : मी मूळची पोलंडची. दोन पावसाळे झाले, पालघर जिल्ह्यातील एका निवासी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते आणि आता मराठी वाचू-लिहू शकते. माझे तीन प्रश्न आहेत. नियमित शिक्षक निवडणुकीच्या वा इतर कामाला गेले की पूर्ण वर्ग माझ्या एकटीवर येतो, हे योग्य आहे का? प्रत्येक कार्यक्रमात मला व्यासपीठावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. शेजारी बसलेल्या शिक्षिकेला कोणी विचारत नाही. आणि मी जाणार हे कळल्यापासून लहान मुली रडतात. मी येऊन चूक तर केली नाही ना?
— एक स्वयंसेवक शिक्षिका

उत्तर : तुमचे पत्र सुंदर मराठीत होते; त्यात फारसे काही बदलावे लागले नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक ही अशैक्षणिक कामे देता येतात. म्हणजे तुमचे सहकारी टाळाटाळ करून गेलेले नसतात, त्यांना जावेच लागते. परंतु त्यामुळे मुलांची जबाबदारी कायद्याने तुमच्याकडे येत नाही. निवासी शाळेत तर एखादी मुलगी पडली, तापाने फणफणली किंवा तिने काही गंभीर तक्रार सांगितली, तर निर्णय घेणारी नियमित व्यक्ती आवारात असायलाच हवी. मुख्याध्यापकांना हे लेखी कळवा, आणि कळवताना ‘मी काम करणार नाही’ असे न म्हणता ‘सोबत अधीक्षिका किंवा दुसऱ्या शिक्षिका असाव्यात’ असे मागा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती कळली की ती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुमच्यावरही. म्हणून कोणाकडे जायचे हे आधीच विचारून ठेवा.

सत्काराचे दुःख मला समजते. ‘माझ्यासोबत बाईंनाही बोलवा, आम्ही वर्ग मिळून घेतो’ असे आयोजकांना आदल्या दिवशी सांगा. आयत्या वेळी सांगितले तर यजमानांचा विरस होतो आणि शिक्षिकेलाही अवघडल्यासारखे होते. मुलींसोबतचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या संमतीविना समाजमाध्यमांवर जाऊ देऊ नका. नाव, गाव आणि चेहरा एकत्र तर कधीच नको. पगार किती, लग्न का नाही केले, या प्रश्नांनी मात्र खट्टू होऊ नका. एसटीत शेजारी बसलेल्या मराठी बाईलाही हेच विचारतात.

तुमचा तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. अमेरिकेतून आलेल्या सिंथिया फेरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि पुढे अहमदनगरमध्ये त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिल्याचा उल्लेख मिळतो आणि १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली. मार्जरी साइक्स १९२८ साली इंग्लंडहून मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या; पुढे त्यांनी शांतिनिकेतनात शिकवले, वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये ‘नई तालीम’ या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे काम केले आणि रवींद्रनाथांचे साहित्य बंगालीतून इंग्रजीत आणले. दोघींनी आयुष्य दिले, तेवढे प्रत्येकाने द्यावे असे कोणी म्हणणार नाही. १९६१ ते १९७६ या काळात भारतात आलेल्या ‘पीस कोअर’ या अमेरिकी सरकारच्या योजनेतील स्वयंसेवकांसारखे अनेक जण ठरावीक मुदतीसाठीच आले आणि परत गेले. तुम्ही येऊन चूक केलेली नाही. मुली रडतात, कारण त्यांतल्या अनेकींना घर सोडून वसतिगृहात राहावे लागते आणि जाणारी माणसे त्यांनी आधीही पाहिलेली असतात. म्हणून न सांगता जाऊ नका आणि ‘लवकरच परत येईन’ असे खात्री नसताना बोलू नका. जाण्याची तारीख फळ्यावर लिहा. शेवटच्या महिन्यात तुमचे एकेक काम, परिपाठाची तयारी, गोष्टींच्या पुस्तकांची पेटी, संध्याकाळचे वाचन, राहणाऱ्या शिक्षिकेच्या आणि मोठ्या मुलींच्या हाती सोपवा, आणि त्या ते करत असताना तुम्ही मागे बसा. पत्र पाठवणार असाल तर एकेकीला न पाठवता वर्गाला पाठवा, आणि जेवढे निभेल तेवढेच सांगा.

प्रश्न : आमच्या संस्थेतील परदेशी स्वयंसेविकेचे आई-वडील शाळेला संगणकांसाठी तीन लाख रुपये देऊ इच्छितात. रोख घेऊन पावती दिली तर चालेल का?
— संस्थेचे एक विश्वस्त, सातारा जिल्हा

उत्तर : चालणार नाही. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, मग ती भारतात आणि रुपयांत दिलेली असली तरी, २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली येते. संगणक विकत घेऊन दिले तरी तेच. संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील यासाठीच्या खात्यातच आले पाहिजेत. नोंदणी नसेल तर देणगी नम्रपणे नाकारा आणि स्वयंसेविकेच्या नावावर खरेदी दाखवण्याची वाट धरू नका. त्यात तिचा व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. परदेशी स्थायिक झालेले, पण भारतीय पासपोर्ट असलेले तुमचे माजी विद्यार्थी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असतील, तर ते परकीय योगदान धरले जात नाही. संगणकांसाठी आधी त्यांना पत्र लिहा.