जुन्या लाकडी फळ्यांच्या घराला बाहेरून कोणता रंग द्यावा?

आडव्या फळ्यांचं जुनं घर आहे आणि भिंतींना गडद राखाडी द्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी तरी तो भिंतींना देणार नाही. गडद रंग ऊन शोषतो, फळ्या तापून हलतात, मग सांधे उघडतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. डब्यावर किंवा शेडकार्डवर (रंगांच्या नमुन्यांच्या कार्डावर) एलआरव्ही, म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो, हा आकडा असतो: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढराशुभ्र. उन्हाच्या बाजूला हा आकडा जितका जास्त, तितकं लाकूड सुखी. गडद राखाडीची हौस दारावर भागवा, तिथे तो फार देखणा दिसतो.

सुरुवात छपरापासून करा, कारण ते बदलणार नाही. लाल छपराखाली उबदार सायीसारखा रंग शोभतो, निळसर पांढरा उपरा वाटतो. शिवाय फिक्या भिंतीवर प्रत्येक फळीखालची सावलीची बारीक रेघ उठून दिसते. या घरांचं खरं सौंदर्य तेच!

एवढ्याशा शेडकार्डवरून ठरवू नका. बाहेर मोठ्या भिंतीवर रंग फिकाच दिसतो. मीटरभर पट्टा दोन बाजूंना लावा, सकाळ-संध्याकाळ बघा.

आणि एक, कृपया मनावर घ्या. घर जुनं असल्यानं रंगाच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.